घटनादुरुस्तीचा मसुदा छापायचा असेल तर: लक्ष्मीपुरीतलं एक डीटीपीचं दुकान

मी निवृत्त मराठी शिक्षिका आणि आमच्या चर्चच्या घटनादुरुस्ती समितीची चिटणीस. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांचं मिशन १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. आमची मुळं तिथली. या प्रेस्बिटेरियन पद्धतीत पाळक आणि मंडळ्यांनी (म्हणजे गावोगावच्या चर्चांनी) निवडलेले ‘वडील’ म्हणजे एल्डर सभेत एकत्र बसून कारभार ठरवतात. त्यामुळे नियमातला एकेक शब्द सभेतच घासून घ्यावा लागतो.

आमची जुनी घटना, म्हणजे चर्चची नियमावली, श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. आधी दुसऱ्या एका दुकानात ती कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये करून घेतली, तर सगळे रफार उडाले. ‘कार्यवाह’चा ‘कायवाह’ झाला आणि कलम ११ मधली एक अख्खी ओळ गेली. प्रूफ वाचताना मला रडू यायचं बाकी होतं. मग मैत्रिणीनं लक्ष्मीपुरीतलं हे नवरा-बायकोचं दुकान सांगितलं.

दुकानातल्या वहिनींनी मॅटर बघितलं आणि म्हणाल्या, “बाई, हे कन्व्हर्ट करत बसण्यापेक्षा मी नव्यानं टाइप करते. बासष्ट पानं हायत, आठवडा द्या.” बरोबर आठव्या दिवशी प्रूफ तयार. डाव्या रकान्यात जुनं कलम, उजवीकडे नवं, बदललेले शब्द ठळक. समासात प्रत्येक ओळीला नंबर घालायचं त्यांनी स्वतःहून सुचवलं.

प्रूफ हातात देताना त्यांनी विचारलं, “बाई, हितं ‘हजर सभासदांच्या दोन तृतीयांश’ आहे आणि मागं कलम चारला ‘एकूण सभासदांच्या’. कुठलं खरं?”

मी तिथंच स्टुलावर बसून हिशेब मांडला. सभेचे एकूण सभासद ९०. समजा हजर ५४. हजर सभासदांचे दोन तृतीयांश म्हणजे ३६ मतं. एकूण सभासदांचे धरले तर ६० लागतात, म्हणजे हजर असलेल्या सगळ्यांनी हात वर केले तरी दुरुस्ती मंजूर होणार नाही. आमच्या समितीच्या सात जणांनी चार महिने हा मसुदा वाचला होता, आणि हे एकाच्याही नजरेला आलं नव्हतं.

शेवटी दोन पानांचं जोडपत्रही त्यांच्याकडूनच करून घेतलं, इतर प्रेस्बिटेरियन चर्च नियम कसे बदलतात त्याचं. स्कॉटलंडच्या चर्चनं १६९७ सालीच ठरवून टाकलं की महासभेनं, म्हणजे सगळ्यात वरच्या सभेनं, परस्पर नवा कायमचा नियम लादायचा नाही, तो आधी सगळ्या प्रेस्बिटरींकडे (एकेका भागातल्या मंडळ्यांच्या सभांकडे) पाठवून बहुमताची संमती घ्यायची. अमेरिकेत १९७३ साली वेगळ्या झालेल्या ‘प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका’मध्ये तर तीन पायऱ्या आहेत: महासभेत बहुमत, मग दोन तृतीयांश प्रेस्बिटरींचा होकार, मग पुढच्या महासभेत पुन्हा बहुमत. हा तक्ता वहिनींनी इतका सुटसुटीत बसवला की खेड्यावरच्या वडिलांनीही एका वाचनात समजून घेतला.

सभेच्या दिवशी त्या ओळींच्या नंबरांची किंमत कळली. “पान १४, ओळ २२, ‘करावे’ऐवजी ‘करू शकेल’ अशी माझी उपसूचना आहे,” असं एक वडील उठून म्हणाले आणि सगळ्यांची बोटं एकाच ओळीवर गेली. सक्ती ठेवायची की मुभा द्यायची, यावर पाऊण तास चर्चा झाली. आवाज चढले, पण कुणी कुणाला “तुम्ही कुठलं वाचताय?” असं विचारलं नाही. याआधीच्या सभेत निम्मा वेळ त्यातच गेला होता.

आता दराचं. टायपिंग पानाला ४० रुपये, दोन रकान्यांचे जादा १०, आणि दुसरं प्रूफ फुकट. बाहेर यापेक्षा स्वस्तात मिळेल, पण मी पुन्हा इथेच देईन. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर खालून हाक मारा, वहिनींचे यजमान, दादा, कागद घ्यायला खाली येतात. दुपारी एक ते चार बंद. स्पायरल बायंडिंग मात्र सैल वाटलं, पाच-सहा प्रतींची पानं सुटली. आम्ही सांगितल्यावर त्यांनी त्या बदलून दिल्या.

सभेत मंजूर झालेला मसुदा आता तीन महिन्यांसाठी सगळ्या मंडळ्यांकडे जाईल. त्याच्या १५० प्रती याच दुकानात टाकल्यात, येत्या बुधवारी मिळतील. या वेळी सेंटर पिन सांगितलीय.