म्हातारा काढायचा तर पिसाने की बोरूने?

बायबलमधला वृद्ध पुढारी शाईत काढायचं ठरलंय आणि बरोक काळातले दोन उस्ताद समोर आहेत: इटलीतल्या चेंतोचा ग्वेर्चिनो (1591–1666) आणि ॲमस्टरडॅमचा रेम्ब्रांट (1606–1669). कुणाचं बोट धरायचं? आधी म्हातारा कोणता ते पक्कं करा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 34व्या अध्यायात मोशे 120 वर्षांचा होऊन मरतो, पण त्याची नजर मंदावलेली नसते. 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 48व्या अध्यायातल्या याकोबाला म्हातारपणाने दिसेनासं झालंय. तरी आशीर्वाद देताना नातवांच्या डोक्यांवर तो हात मुद्दाम उलटसुलट ठेवतो.

मोशे असेल तर ग्वेर्चिनो. पिसाची लेखणी दाबली की फाकते, सैल सोडली की केसाएवढी बारीक होते. एका वळणात दाढीचा झुपका, दुसऱ्यात अंगरखा. त्यावर पातळ शाईचा वॉश, म्हणजे कुंचल्याने दिलेला हलका थर. उजेडासाठी कागद कोराच सोडायचा. धोका एवढाच, की नवशिक्याच्या हातून दाढी झोकदार उतरते आणि तिच्यामागे माणूसच नसतो. ग्वेर्चिनोची शाई मात्र उचलू नका. मायफळ आणि हिराकस यांच्या त्या शाईने त्याचे कागद जागोजागी खाल्लेत.

याकोब असेल तर रेम्ब्रांट. त्याने 1650 नंतर बोरू जास्त जास्त हातात घेतला. होय, आपल्या पणजोबांनी कित्ता गिरवला तसलाच बोरू. त्यात शाई थोडी राहते, रेघ मध्येच कोरडी पडते, नाजूक वळणं जमत नाहीत. ज्या हाताला आता नेम राहिलेला नाही, तो काढायला हेच हवं. शिवाय म्हाताऱ्यांची बैठक त्याने आपल्याकडून घेतली: झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांच्या मुघल लघुचित्राची त्याने जपानी कागदावर नक्कल केली (ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे), आणि 1656च्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) बायबलमधला अब्राहाम व त्याचे पाहुणे तसेच जमिनीवर बसलेत. पारावरची मंडळीच म्हणा ना!

याकोबाचा आशीर्वाद दोघांनीही तैलरंगात केलाय. ग्वेर्चिनोचं चित्र डब्लिनला आहे, साधारण 1620चं. रेम्ब्रांटचं जर्मनीतल्या कासेलला, 1656चं. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून फक्त हात बघा.

माझं मत विचाराल तर सुरुवात बोरूने, याकोबापासून. पिसाची नजाकत मागाहून येईल. आणि याकोबाचे डोळे काढत बसू नका. भुवईखाली दोन बोथट फटकारे पुरतात.