कॉकर स्पॅनियलचे कान जाणणारे ग्रूमिंग सेंटर

आमची कॉकर स्पॅनियल ‘राणी’ चार वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात शहरातील एका पार्लरने नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाचे कारण सांगून तिचे केस मशीनने सरसकट उतरवले; ते परत आले ते लोकरीसारखे, आणि पूर्वीचा रेशमी पोत अजून पुरता आलेला नाही. त्यामुळे धरमपेठेतील या छोट्या सेंटरची पायरी चढताना मनात धाकधूक होती.

तेथील ताईंनी कात्री हाती घेण्याआधी राणीचे कान उलटून पाहिले, वासही घेतला. वुडकॉक पक्ष्याला झुडपांतून उठवण्यासाठी इंग्लंडमध्ये जोपासलेल्या, आणि त्यावरूनच नाव पडलेल्या या जातीचे लांब, केसाळ कान आत हवा खेळू देत नाहीत, म्हणून ओल राहिली की संसर्ग होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. डाव्या कानाच्या तोंडाशी रुतलेले कुसळ त्यांनी चिमट्याने अलगद काढले. ते फुटाळा तलावाकाठच्या गवतातले असावे.

राणी हळवी आहे, आवाज चढला की अंग चोरते. ताई तिच्याशी सतत हळू बोलत राहिल्या आणि ड्रायर दुरूनच धरला. पाठीवरचे केस हाताने विरळ केले, पोटाची झालर राखली, पंजांतले केस कापले.

प्रतीक्षेच्या जागेत कूलर नाही, ही मात्र मोठी उणीव आहे. दुपारची वेळ घेऊ नये. आम्ही दर सहा आठवड्यांनी सकाळी नऊची वेळ ठरवून घेतली आहे.