माथेरानचा मुक्काम: लॉज उत्तम, वाट दमवणारी

माथेरानमधील राहण्याच्या जागेचे परीक्षण खोली, जेवण आणि दर यांवर संपत नाही, कारण येथे मुक्कामाचा निम्मा अनुभव लॉजच्या दारात पोहोचण्यापूर्वीच घडून गेलेला असतो. आम्ही उतरलो ते घरगुती लॉज बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, झाडीत आहे. कौलारू छप्पर, रुंद लाकडी व्हरांडा, स्वच्छ चादरी आणि ठरावीक वेळीच मिळणारे गरम पाणी, असा एकूण थाट. दरात नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरलेले होते आणि ते जेवण, विशेषतः रात्रीचा कोंबडीचा रस्सा आणि गरम भाकरी, कोणत्याही मोठ्या हॉटेलाने हेवा करावा असे होते. खिडक्यांना जाळ्या आहेत, तरीही त्या उघड्या ठेवू नयेत, अशी ताकीद व्यवस्थापक प्रत्येकाला देतात. माकडांच्या बाबतीत ती अतिशयोक्ती मानू नये.

खोली फोनवरून ठरवताना मालकांनी एक गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती: "दस्तुरीला कोणी काहीही सांगितले, तरी आधी अमन लॉजच्या तिकीट खिडकीपर्यंत जा." दस्तुरी म्हणजे मोटारी जिथे अडवल्या जातात तो नाका आणि अमन लॉज हे नावात लॉज असले, तरी त्याच्या जवळचे छोट्या रेल्वेगाडीचे स्थानक. आपल्या गावाच्या वेशीवरच पाहुण्याला सावध करावे लागणे, हे पर्यटनावर जगणाऱ्या गावाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणावे लागेल.

माथेरानमध्ये मोटारीला बंदी आहे आणि रुग्णवाहिका, अग्निशमन यांसारखे अपवाद वगळता प्रत्येक वाहन दस्तुरी नाक्यावर थांबते. 2003 साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यापासून या बंदीला भक्कम कायदेशीर आधार मिळाला. ही बंदी हेच माथेरानचे भांडवल आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. हॉर्नचा आवाज नसलेले, धूर नसलेले गिरिस्थान मुंबई-पुण्याच्या इतक्या जवळ दुसरे नाही आणि लोक येथे येतात ते त्यासाठीच. माझी तक्रार बंदीनंतरच्या व्यवस्थेविषयी आहे. मोटार अडवल्यावर माणसाने आणि मालाने पुढचे अडीच-तीन किलोमीटर कसे जायचे, या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर अजूनही मिळालेले नाही.

पर्याय मोजायला पुष्कळ आहेत: शटल रेल्वेगाडी, घोडा, ई-रिक्षा, हमाल आणि आपले पाय. अमन लॉज ते माथेरान ही शटल स्वस्त आणि सुखाची आहे. मात्र डबे थोडे आणि सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते. रांग पाहून नवखा प्रवासी गोंधळतो आणि त्याच वेळी शेजारी उभा राहून कोणी गाडी भरल्याचे, तर कोणी वाट फार लांब असल्याचे सांगू लागतो. अशा दिशाभुलीला आणि फसवणुकीला कंटाळून मार्च 2025 मध्ये गावकऱ्यांनी बेमुदत बंदच पुकारला होता. आपल्याच धंद्याचे दरवाजे लावून घेण्याची वेळ गावावर आली, यावरून नुकसान किती खोल गेले होते, हे लक्षात यावे.

पायथ्याच्या नेरळहून थेट वर येणारी छोटी गाडी हा तर वेगळाच विषय आहे. मुंबईचे उद्योजक आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने 1907 मध्ये सुरू झालेला हा सुमारे 21 किलोमीटरचा अरुंद रेल्वेमार्ग जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्थानके घेत अडीच तासांहून अधिक वेळात वर पोहोचतो. तो आजही देखणा आहे; त्याच्या भरवशावर मात्र सहलीचा बेत आखता येत नाही. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला आणि तो 2007 मध्ये पुन्हा सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरल्यावर सेवा दीर्घकाळ थांबली. 2019 च्या पावसाने पुन्हा मोडतोड केली आणि त्यानंतर नेरळहून गाडी सुटली ती थेट ऑक्टोबर 2022 मध्ये. याखेरीज दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. ज्या गाडीच्या छायाचित्रावर गावाची जाहिरात चालते, ती वर्षानुवर्षे जागेवर उभी राहिली, तर पर्यटक लोणावळ्याचा रस्ता धरतो आणि तेथे रमला की सहसा परतत नाही.

ई-रिक्षांचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर 2022 मध्ये अवघ्या सात गाड्यांनिशी सुरू झाला. शाळकरी मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना त्याचा लाभ झाला. घोडेवाल्यांनी मात्र पोटावर पाय येईल म्हणून विरोध केला आणि त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत संपवण्याचा आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना राबवण्याचा आदेश दिला. निधी नाही, ही सबब चालणार नाही, हेही बजावले. हातरिक्षेत बसण्याची माझी कधी हिंमत झाली नाही. पण ती ओढणाऱ्याच्या हातात पर्यायी रोजगार देण्याऐवजी तिच्यावर नुसते नाक मुरडणे हा शहरी पाहुण्यांचा सोयीस्कर दांभिकपणा होता, असे मला वाटते.

रस्त्याचा प्रश्नही तसाच रेंगाळत राहिला. तांबडी माती उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत चढते, पावसात निसरडी होते आणि घोड्यांच्या लिदीत मिसळली की चालणाऱ्याला वाट सोडून रुळांच्या कडेने जावेसे वाटते. पुष्कळ जण तसे जातातही. दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसवण्यास न्यायालयाने मुभा दिली आणि आतल्या वाटा तशाच ठेवण्यास सांगितले. हा तोडगा मला समतोल वाटतो.

या सगळ्याचा हिशेब शेवटी लॉजच्या वहीत उतरतो. मालकांनी सकाळी आलेल्या पिठाच्या पोत्याची पावती दाखवली. पोत्याच्या किमतीखाली नाक्यापासून वर आणण्याची मजुरी वेगळी लिहिलेली होती. सिलिंडर, भाजी, बाटलीबंद पाणी, सिमेंट, काहीही असो, ते घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून येते आणि तो भार ताटाच्या दरात शिरतो. पाहुणा महागाईबद्दल मालकाला बोल लावतो. शिवाय लहान मुले, गुडघेदुखीने त्रस्त आजी-आजोबा आणि जड सामान असलेली कुटुंबे नाक्यावरूनच मागे फिरू लागली, की उरतात ते शनिवारी येऊन रविवारी परतणारे तरुण. ते फार तर चिक्की आणि चप्पल घेतात. चार दिवस राहून गावात पैसा सोडणारा पाहुणा कमी होतो. आम्ही होतो तेव्हा मंगळवारी व्हरांड्यात आमच्याखेरीज कोणीही नव्हते आणि स्वयंपाकघरात मात्र नेहमीइतकीच माणसे राबत होती.

लॉजला माझ्याकडून पाचपैकी चार गुण. एक कापला तो सामानासाठी नाक्यावर माणूस न पाठवल्याबद्दल; ठरलेल्या दराचा ओळखीचा हमाल नेमून दिला, तर पाहुण्याची निम्मी चिंता मिटेल आणि त्या हमालालाही रोजची खात्रीची मजुरी मिळेल. जाणाऱ्यांनी आठवड्याचे मधले दिवस निवडावेत, पाठीवर मावेल एवढेच सामान न्यावे आणि घोडा घेतलाच तर दर नाक्यावरच ठरवून घ्यावा. परतीच्या शटलची वेळ आदल्या संध्याकाळी स्थानकावर जाऊन विचारून ठेवावी.