‘रिव्हॉल्व्हर’चा मोठा संच: पैसे तालमींचे मोजा

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या १९६६ च्या अल्बमचा २०२२ मध्ये निघालेला पाच सीडींचा संच घ्यायच्या विचारात असाल, तर आधी एक ठरवा: गाणी ऐकायचीत, की ती घडली कशी ते? नुसती अल्बमची चौदा गाणी नव्या मिक्समध्ये (म्हणजे आवाजांच्या नव्या मांडणीत) हवी असतील तर सुटी सीडी पुरते. चहूबाजूंनी ऐकू येणारं डॉल्बी ॲटमॉस मिक्स स्ट्रीमिंगवरच आहे. खोक्यात ब्लू-रे नाही, तेव्हा त्या आशेवर राहू नका.

१९६६ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या टेपवर व्हायचं. ‘टॅक्समन’मध्ये ड्रम, बेस आणि गिटार एकाच ट्रॅकवर गेले. एकदा तिथे कालवले की वेगळे काढायची सोय नव्हती, म्हणून जुन्या स्टीरिओत सगळा ताफा डाव्या कानात कोंबलेला. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या सॉफ्टवेअरने ते आवाज सुटे केले आणि निर्माता जाइल्स मार्टिन व ध्वनी अभियंता सॅम ओकेल यांनी ते नव्याने मांडले. हेडफोनवर फरक पहिल्या काही सेकंदांत कळतो. एकाच छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्याने मात्र यासाठी खर्च करू नये, तिथे डावं-उजवं असं काही उरतच नाही.

खरा माल दुसऱ्या आणि तिसऱ्या सीडीवर आहे: स्टुडिओतल्या तालमी आणि कच्चे टेक, म्हणजे गाणं वाजवून बघण्याचे प्रयत्न. त्याच काळात मुद्रित झालेल्या, पण अल्बममध्ये नसलेल्या ‘रेन’चा पाचवा टेक दोनदा दिलाय: आधी वाजवला त्या वेगात, मग टेप संथ करून. लागोपाठ ऐका. पहिल्यात ड्रमर रिंगो चक्क घाईत वाटतो. टेप मंदावली की तेच ड्रम जड आणि खोल होतात. त्या गाण्याची झिंग निम्मी तरी यंत्रातून आलीय. ‘एलिनॉर रिग्बी’च्या आधी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन वादकांकडून तीच ओळ व्हायब्रॅटोसह (सूर थरथरवत) आणि त्याशिवाय वाजवून घेतात. आठच तंतुवाद्यं, माइक अगदी तारांशी. कोरडं वाजवलं की बोचतं. ‘यलो सबमरीन’च्या कच्च्या टेपवर लेनन इतका उदास गातो, की हेच पुढे पोरांचं आवडतं गाणं झालं यावर विश्वास बसत नाही.

‘लव्ह यू टू’चा पहिला टेक गिटारवर आहे. पुढे त्यात तबला आला तो अनिल भागवत यांचा. मूळ वेष्टनावर नाव छापलं तेही त्यांचंच. बाकीचे भारतीय वादक निनावी राहिले.

चौथी सीडी मूळ मोनो मिक्सची, म्हणजे डावं-उजवं न करता सगळा आवाज एकत्र. ती वगळू नका, कारण त्या काळी बँडचं लक्ष मोनोवरच असायचं, स्टीरिओ मागाहून उरकला जाई. पाचवीवर अल्बमबाहेरची ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’, दोन्ही मोनो व स्टीरिओत. प्रत्येकी चार मिनिटांच्या आतल्या दोन गाण्यांना अख्खी सीडी देणं ही उधळपट्टीच, ती तिसरीच्या शेवटी सहज मावली असती. विनाइलवाल्यांना चार एलपी आणि सात इंची ईपी (छोटी तबकडी) मिळते.

आणि एक मोठी उणीव: १९६६ चा मूळ स्टीरिओ मिक्स या संचात कुठेच नाही. तुलना करायची असेल तर २००९ ची रीमास्टर सीडी लागेल. घरात असेल तर नवा संच आला म्हणून ती विकून टाकू नका.