बीटा ब्लॉकर की डाएट: उंदराची चरबी कशानं उतरते?

चरबी उतरवायची तर डाएटच भारी, यात वादच नाही ना भाऊ. उंदराला ३०-४० टक्के कमी खाऊ घाला, चरबी मस्त उतरते, पण सोबत थोडे मसल्सपण जातात अन् शरीर कंजूस होऊन कॅलरी जाळणंच कमी करते. प्रोप्रानोलॉल या बीटा ब्लॉकरचं (अॅड्रेनलिनला अडवणारं हार्टचं औषध) उलटं आहे, अॅड्रेनलिनचा 'चरबी सोड' हा निरोप ते पेशीपर्यंत पोचूच देत नाही, ब्राऊन फॅटमधून (कॅलरी जाळून ऊब देणारी चरबी) निघणारी उष्णतापण घटते, म्हणजे खाणं तेवढंच असलं तरी वजन उतरायचं सोडा, थोडं वाढूही शकते. क्लेनब्युटेरॉल या अॅड्रेनलिनसारखं काम करणाऱ्या औषधानं उंदराचे मसल्स वाढतात ना, तेही प्रोप्रानोलॉल अडवते. धरमपेठेतल्या गोलमटोल लॅब्राडोरवाल्यांनो, वाटीतलं खाणं मोजा, तर्री-पोहे तुम्हीच खा. ब्लॉकर हार्टसाठी, तेही व्हेटनं दिलं तरच.