३० सीसीचं इंजिन आणि पेट्रोलचे आकडे : आठ महिन्यांनंतर

माझ्या मॉडेल विमानाचं इंजिन टू-स्ट्रोक, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं, पुढे १८ बाय ८ चा प्रॉप (पंखा). पहिले दोन महिने मी त्याला ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलशिवाय काही पाजलं नाही. विमान बांधायला सगळा हिवाळा गेला होता, मग पेट्रोलात कंजुषी कशाला, एवढाच त्यामागचा विचार. एके दिवशी ९८ चा डबा रिकामा निघाला आणि शेजारी उडवणाऱ्याकडचं ९१ भीतभीत टाकीत भरलं. टॅकोमीटरवर आधी मिनिटाला ७,३०० च्या आसपास फेरे दिसत होते, आताही तेवढेच. पाचपन्नास फेऱ्यांचा फरक तर सकाळच्या आणि दुपारच्या हवेतही पडतो.

तेव्हा कुठे नीट वाचायला बसलो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हेच. दाब आणि उष्णता वाढली की पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता पेटू बघतं. त्याला ते किती दाद देत नाही, याचं हे माप. आयसोऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही पट्टी आखली आहे. ज्या इंजिनात मिश्रण जोरात दाबलं जातं तिथे वरचा आकडा कामाला येतो. आपल्या मॉडेलच्या पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन बेताचंच असतं, त्यामुळे जादा ऑक्टेन नुसता टाकीतून सायलेन्सरपर्यंत फिरून येतो.

मॅन्युअलमधल्या ८७ या आकड्याने मात्र मला आठवडाभर छळलं. पंपावर सर्वांत खालचं ९१, मग हे ८७ आणायचं कुठून? उलगडा असा की अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मापांची सरासरी असतो, बऱ्याच इतर देशांत नुसता आरओएन लिहितात. तिकडचं ८७ म्हणजे इकडचं साधारण ९१-९२. मॅन्युअल वाचताना आकडा कुठल्या पट्टीवरचा आहे ते आधी बघा.

खरा त्रास दिला तो इथेनॉलने. चौथ्या महिन्यात इथेनॉल नसलेलं पेट्रोल संपलं, १० टक्के इथेनॉलवालं भरलं आणि नीडलला (कार्ब्युरेटरमधून जाणारं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईला) हात न लावता उडवलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच नीडलवर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जमिनीवर इंजिन छान गुरगुरत होतं. विमान नाक वर करून चढायला लागलं आणि आवाज चिरका होत एकदम गप्प. उतरवलं कसंबसं, लँडिंग गिअरची एक तार वाकली. त्यानंतर हाय-स्पीड नीडल साधारण एक अष्टमांश फेरा उघडली आणि तक्रार मिटली. पुढे पावसामुळे तीन आठवडे विमान भिंतीवर टांगून राहिलं, टाकी आणि कार्ब्युरेटर मी रिकामे केले नव्हते. नंतर इंजिन आयडल, म्हणजे सर्वांत कमी फेरे, धरेचना. कार्ब्युरेटर उघडला तर त्यातला डायफ्रॅम (पातळ पडदा) ताठ आणि सुरकुतलेला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं की ते दोघं मिळून तळाशी बसतात, आणि टाकीतला क्लंक (पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं वजनदार टोक) नेमका तिथूनच ओढतो. गंमत म्हणजे इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन चांगलाच वरचा. म्हणून महाग पेट्रोल म्हणजे इथेनॉल नाही, असं धरून चालू नका. (नळी पेट्रोलसाठीचीच घ्या. सिलिकॉनची फुगते.)

अ‍ॅवगॅस १०० एलएल हे खऱ्या छोट्या विमानांचं पेट्रोलही एक डबा वापरून पाहिलं. महिनोन्‌महिने टिकतं, वासही कमी. पण त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं आणि ते प्लगवर राखाडी मण्यांसारखं जमतं. थंडीत सुरू व्हायलाही कुरकुर, कारण त्याची वाफ सहज होत नाही. शिसं हातावर आणि घरातल्या कामाच्या टेबलावर नको म्हणून मी ते सोडलं.

नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याच्या) भीतीने ऑक्टेन वाढवणारे बरेच भेटले. त्यातल्या एकाच्या इंजिनाचा प्लग काढून पाहिला, तर पोर्सिलेनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके. पेट्रोल त्याचं ९८ च होतं! इग्निशनचा सेन्सर सरकून ठिणगी फार आधी पडत होती, आणि काउलमधून (इंजिनावरच्या झाकणातून) गरम हवा बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षाही लहान होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. सेन्सर जागेवर आणून मागची वाट दुप्पट केली, मग तेच इंजिन ९१ वरही थंड चाललं.

सध्या माझं ठरलेलं आहे : इथेनॉल नसलेलं ९१, सिंथेटिक तेल ४० ला १, आणि महिन्यात संपेल एवढंच मिश्रण. कमाल फेरे सापडले की नीडल दोनशे फेरे उतरेपर्यंत रिच (पेट्रोल जास्त) करतो आणि नाक वर धरून एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन बघतो. ९८ चं जे तेल मिसळलेलं उरलं होतं ते गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनने संपवलं. त्यालाही फरक कळला नाही.