‘ग्रिस’ आठ महिने खेळल्यावर

तीन-चार तासांत संपणाऱ्या गेमचा अनुभव आठ महिन्यांनी लिहायचा म्हणजे जेवण झाल्यावर आठ महिन्यांनी ढेकर देण्यासारखं आहे. पण हा गेम मी तीनदा पूर्ण खेळलो. त्यातला एकदा तर बटणं माझी आणि हुकूम आमच्या नानांचे. आणि अजूनही त्यातलं थोडं राहिलंय.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भांडण असेल तर दोन्ही. नानांचे चार यंत्रमाग होते, चादरीचे. मागच्या सप्टेंबरात ते भंगारात गेले, किलोच्या भावाने. ज्या खोलीत ते होते तिला आम्ही अजून कारखानाच म्हणतो, आत आता पाण्याची पिंपं आहेत. चाळीस वर्षं शेजारच्या भिंतीतून खटखट ऐकत झोपलेल्या माणसाला तिथल्या शांततेत झोप येईना. रात्री दीड-दोनपर्यंत नाना जागे, म्हणून मीही जागा. डिसेंबरअखेर स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात) सेल लागला तेव्हा भाच्याने ‘ग्रिस’ घ्यायला लावला. त्याची शिफारस एवढीच: “मामा, यात मरायचं नसतंय. तुम्हाला जमेल.”

गेम बार्सिलोनाच्या नोमाडा स्टुडिओचा, डिसेंबर २०१८ मध्ये आलेला. चित्रं कॉनराड रोसेट या चित्रकाराची. हा माणूस मुळात जलरंगात बायकांची चित्रं काढणारा, गेमवाला नव्हेच. संगीत बर्लिनिस्ट या बँडचं. ‘ग्रिस’ म्हणजे स्पॅनिशमध्ये करडा. तेच मुलीचं नाव आणि सुरुवातीला जगाचा रंगही तोच. दगडी बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या तळहातावर ही मुलगी गात असते, मध्येच आवाज जातो, पुतळ्याला तडे जातात आणि ती खाली कोसळते. मेनू सोडला तर पुढे वाचायला जवळपास काहीच नाही. संवाद नाहीत, निवेदन नाही.

पहिली पाच मिनिटं मला वाटलं माझा कीबोर्ड बिघडलाय. उडीचं बटण दाबलं की उडी मारायच्या ऐवजी ती गुडघ्यांवर बसते. परत दाबलं, परत बसली. मी लॅपटॉप उलटा करून आपटला, मग फुंकर मारली (पूर्व भागात कापसाची तूस सगळीकडे जाते, आधी संशय तिच्यावरच). बिघाड काहीच नव्हता. तिच्यात उभं राहण्याची ताकद नाही, हे सांगायची गेमची ती पद्धत. दुसरा एखादा गेम असता तर इथे आधी रडका व्हिडिओ दाखवला असता. इथे बटण तुम्ही दाबता आणि ती तुमचं ऐकत नाही, बस्स. मला तिथेच गेम आवडला.

मग एकेक रंग परत येतो: लाल, हिरवा, निळा, पिवळा. प्रत्येक रंगाबरोबर तिच्या झग्याला एक नवी करामत मिळते. आधी तो दगडासारखा जड होतो, मग उडी लांबवता येते, मग पाण्यात पोहता येतं, आणि शेवटी आवाज परत येतो. गायली की आजूबाजूला फुलं उमलतात. कोडी या करामतींभोवतीच रचलेली आहेत आणि खरं सांगायचं तर सोपी आहेत. डोकं तापवणारं काही हवं असेल तर याच्या नादी लागू नका.

लाल रंग येतो तो प्रसंग मात्र मला गेमपेक्षा जास्त नानांमुळे लक्षात आहे. गड्ड्याची जत्रा चालू होती ते दिवस. करड्या पडद्यावर लाल डाग पडला आणि ओल्या कागदावर शाई पळावी तसा पळत सुटला, मध्ये फिका, कडेला गडद. नाना पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे होते, मला पत्ताच नव्हता.

“कच्चा रंग आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“पक्का रंग असा पळत नाही. सुताच्या ओल्या लडीवर कच्चा रंग पडला की असाच पळतो.” मग थोडं थांबून, “पण दिसतोय चांगला.”

ज्या माणसाने रंग सुटला म्हणून अख्खी लडी परत पाठवलेली मी लहानपणी पाहिलीय, त्याच्या तोंडून हे. ते खुर्ची ओढून बसले. लाल भाग म्हणजे पवनचक्क्यांचं वाळवंट आणि वारा. झोत आला की झगा जड करून जागेवर टिकायचं, झोत गेला की चालायचं. मला वेळ साधेना. नाना झोत मोजायला लागले. मागावर धोटा इकडून तिकडे जातो तो ठोका त्यांच्या अंगात आहे, त्या ठेक्यावर “आता… आता… सोड” असं म्हणायचे. त्यांच्या मोजण्यावर मी एकदाही उडून गेलो नाही.

या गेमची ओढ कशात आहे, याचं माझं उत्तर तेव्हापासून बदललेलं नाही. चित्रं सुंदर आहेत हे सगळेच सांगतील. पण सुंदर चित्रांचे ढीगभर गेम आहेत. इथे सुंदरपणा आधी काढून घेतलेला असतो आणि हप्त्याहप्त्याने परत मिळतो. निळा येतो तेव्हा पाऊस लागतो, आणि दोन तास करडं-तांबडं बघून आलेल्या डोळ्यांना तो पाऊस खरा वाटतो. सोलापुरातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. जूनच्या पहिल्या सरीला आपण घरातून बाहेर येऊन उभे राहतो ते काही पाऊस आधी बघितला नाही म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट ती भाच्याची, न मरण्याची. पडलात तर परत चढायचं, एवढंच. एक काळा पक्षी मागे लागतो, त्याच्या किंकाळीने मुलगी मागे ढकलली जाते, आणि पुढे कळतं की त्याच धक्क्यावर स्वार होऊन वर जाता येतं. पाण्याखाली काळी ईल, सापासारखा लांब मासा, मागे लागते तेव्हा माझे हात खरंच घामेजले, मरत नाही हे ठाऊक असून. जंगलात एक चौकोनी, लाजरं जनावर आहे. झाडावरून सफरचंदं पाडून दिली की ते मागे मागे येतं. नाना त्याला ‘आपलं पोरगं’ म्हणतात.

आता तक्रारी. कॅमेरा चित्र दाखवायच्या हौसेने इतका मागे जातो की मुलगी मुंगीएवढी होते, आणि अशा वेळी पाय ठेवायची जागा कुठली नि नुसती नक्षी कुठली हे कळत नाही. पहिल्या वेळी तिचं सावकाश चालणं बरोबर वाटतं, तिसऱ्या वेळी जांभया येतात. संगीत बहुतेक ठिकाणी अप्रतिम आहे, पण दोन-तीन जागी ते ‘आता रडा’ म्हणून खांद्यावर हात ठेवतं. ते मला नको होतं. आणखी एक, गेममधल्या काही अचीव्हमेंट्सना (काही साधलं की मिळणाऱ्या बिल्ल्यांना) शोकाच्या पायऱ्यांची नावं दिलीत: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. चादरीच्या काठावर कारखान्याचं नाव विणतात, ते ठीक. पण मधोमध मोरावर ‘मोर’ असं विणायची गरज नसते.

मोबाइलवरही घेऊन बघितला, एप्रिलमध्ये. छोट्या पडद्यावर निम्मी मजा जाते, आणि बेचाळीस अंशात फोन तव्यासारखा तापतो. लॅपटॉप आणि हेडफोन, नाहीतर राहू द्या. लॅपटॉप माझा जुनाच आहे, पंखा ओरडतो पण चालतो. गेम आपोआप सेव्ह होतो हे आमच्यासाठी फार मोलाचं, कारण आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी आणि बहुतेकदा अडनिड्या वेळी येतं. मुलगी अर्ध्या उडीत असताना “पाणी आलं!” अशी हाक आली की लॅपटॉप मिटून मोटर लावायला पळावं लागतं.

२०१९ च्या गेम अवॉर्ड्समध्ये याला ‘गेम्स फॉर इम्पॅक्ट’ हे सामाजिक आशयाच्या गेमसाठीचं बक्षीस मिळालं. याच लोकांचा पुढचा गेम ‘नेव्हा’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात लांडग्याचं पिल्लू आहे, तलवार आहे, लढाई आहे. भाचा त्याच्याच मागे आहे. नानांनी दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “यात हाणामारी आहे. तो पाण्याचा लाव.” आमच्याकडे ‘ग्रिस’ला पाण्याचा गेमच म्हणतात.

माझी चुलती आली होती उन्हाळ्यात. तिने नानांना पडद्यासमोर बसलेलं बघून विचारलं, “या वयात हे काय खूळ?” नाना म्हणाले, “सुताचा हिशोब बघतोय.” पडद्यावर त्या वेळी एक मुलगी आकाशातल्या ताऱ्यांच्या रेघेवरून चालत होती.

गेमभर आडवाटेला ठेवलेल्या खुणेच्या वस्तू आहेत. सगळ्या मिळाल्या की एक बंद जागा उघडते आणि मुलीबद्दल थोडं जास्त कळतं. आमच्या दोन राहिल्यात. यूट्यूबवर दोन मिनिटांत जागा मिळतील, भाच्याने तर लिंकही पाठवली. नाना बघू देत नाहीत. त्यांचं म्हणणं, एक हिरव्या भागात त्या चौकोनी झाडांच्या मागे आहे, आपण दर वेळी घाईने उजवीकडे जातो. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या रात्री डावीकडून जायचं ठरलंय.